थोरल्याचे रडणेही वाचावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बायबलमधील थोरल्या-धाकट्या भावांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. देवाने धाकट्यांना निवडले आणि थोरल्यांना झिडकारले, असा त्याचा एकूण सूर आहे. त्यातले निवडीचे खरे. इसहाक, याकोब, योसेफ, दावीद यांपैकी कोणीच पहिला मुलगा नव्हता. राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्यापुढून दावीदाचा बाप इशाय याने सात मुलगे नेले. आठवा, दावीद, मेंढरे राखायला गेला होता, त्याला हाक मारावी असेही कोणाला वाटले नाही. राजा म्हणून अभिषेकाचे तेल ओतले गेले ते त्याच्याच डोक्यावर. पण झिडकारण्याचे काय?

इसहाकाचा थोरला मुलगा एसाव याने मसुरीच्या वरणापायी ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या याकोबाला विकला, एवढेच मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या धर्मवर्गात, वर्षानुवर्षे शिकवत आले. एकदा एका मुलीने, ती घरात थोरली, विचारले, "बाई, मग एसाव रडला कशाला?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा २७वा अध्याय पुन्हा वाचला. शिकार करून, रांधून आणलेले जेवण घेऊन एसाव आंधळ्या बापापुढे उभा आहे. आशीर्वाद तर धाकटा केव्हाच घेऊन गेला. "बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या ना," असे म्हणून हा शिकारी गडी हंबरडा फोडतो. ज्याला टाकूनच द्यायचे, त्याचा हंबरडा कोणी इतका जपून लिहून ठेवील का?

धाकट्यालाही ते सुखासुखी पचले नाही. आंधळ्या बापाला फसवणारा याकोब लग्नाच्या रात्री स्वतः फसला. सकाळी पाहतो तर मागणी घातलेल्या राहेलऐवजी तिची थोरली बहीण लेआ! आणि सासरा लाबान त्यालाच सुनावतो, थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. वीस वर्षे तो परमुलखात राबला. 'तुझे भाऊ तुला नमन करोत' हा आशीर्वाद त्याने मिळवला होता. प्रत्यक्षात चारशे माणसे घेऊन आलेल्या एसावापुढे सात वेळा भुईपर्यंत लवतो तो याकोबच. एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघेही रडतात. मग याकोब गुराढोरांची भेट घ्या म्हणून गळ घालतो, तेव्हा मूळ हिब्रूत त्याच्या तोंडी 'बराखा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ आशीर्वाद. भावाकडून हिरावलेले तो भावाच्याच ओंजळीत परत घालू पाहतो, असे मला वाटते.

वाटणीचा नियमही लेखात यायला हवा होता. नावडतीचा मुलगा थोरला असेल, तर बापाने आवडतीच्या मुलाला पुढे न करता थोरल्याला दुप्पट वाटा द्यावा, असे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. देव धाकट्याला निवडतो म्हणून बापाने थोरल्याचा वाटा बुडवावा, असे त्या ग्रंथात कुठेही नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात उत्पत्तीचा ३३वा अध्याय, ही भावांची भेट, जरूर यावी ही विनंती.

आपली,
एक शब्बाथशाळा शिक्षिका, अहिल्यानगर