लॉबी चकचकीत, खोलीत कुबट वास

महोदय,

गोव्यात वेर्णा, कुंडई, बेतोडा येथील कारखान्यांत किंवा मुरगाव बंदरात कामासाठी येणारी माणसे सहसा किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये उतरत नाहीत. ती पणजी, मडगाव, वास्को, फोंडा येथील शहरी हॉटेले गाठतात. यातल्या जुन्या हॉटेलांबद्दलची त्यांची तक्रार ठरलेली असते: खोलीत वास येतो, गरम पाणी मिळत नाही, नेट तुटते. मालकांचे उत्तरही ठरलेले, ‘इमारत जुनी आहे’. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. नीट राखलेली जुनी इमारत उत्तम चालते. खरी अडचण ही, की पैसा लॉबीच्या ग्रॅनाइटवर आणि रंगावर जातो, भिंतीआडच्या नळांवर आणि तारांवर जात नाही.

वासाचेच घ्या. न्हाणीघरातला गटाराचा वास बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीवरच्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यातून, येतो. या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साठून राहावे लागते. तेच पाणी खालचा वायू अडवते. खोली काही आठवडे बंद राहिली की ते आटते आणि वाट मोकळी होते. कधी केस काढताना जाळीखालचा कप बाहेर काढतात आणि परत बसवत नाहीत. खिडकी घट्ट बंद आणि दाराखाली फट नाही, अशा न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो हवा ओढणार कुठून? त्याच आटलेल्या ट्रॅपमधून. मग वास जास्तच येतो. उपाय फुकटात होतो: रिकाम्या खोलीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचे, कप जागेवर आहे का ते जाळी उचलून पाहायचे, दाराला खाली फट ठेवायची. त्याऐवजी रूम फ्रेशनरचे फवारे मारले जातात आणि दोन वास एकत्र होतात.

कुबट वास मात्र वेगळा. तो बुरशीचा. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. खोलीत ती साठच्या वर टिकून राहिली की पलंगाच्या पाठीमागची प्लायवूड, पडद्याचे अस्तर आणि कार्पेट बुरशी धरतात. पाहुणा खोलीची वीज चालू ठेवणारे कार्ड काढून बाहेर पडतो, एसी बंद होतो, दमट हवा आत शिरते. खोली रिकामी असेल तर हे कितीतरी दिवस चालते. म्हणून रिकाम्या खोलीतही रोज तास-दोन तास एसी ड्राय मोडवर चालवावा लागतो. भिंतीला ओल असेल तर तिच्यावरून रंग देण्याला काही अर्थ नाही, पुढच्या पावसात पोपडे परत येतात. आधी पाणी कुठून येते ते शोधावे: बाहेरच्या गिलाव्याची चीर, खिडकीची तळपट्टी, शेजारच्या न्हाणीघराच्या लादीचे सांधे. ते बंद करून, गिलावा खरवडून, भिंत पूर्ण सुकली की मगच रंग. आणि कार्पेट या हवेत ठेवूच नये.

खाऱ्या वाऱ्यात एसीच्या बाहेरच्या युनिटचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे झिजून जातात, बोट लावले की पांढरी भुकटी होते. तांबे आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ही झीज सर्वांत जलद. अशा युनिटमध्ये दर हंगामात गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. गळती आहे तिथेच राहते. दर महिन्याला गोड्या पाण्याने धुणे आणि बदलताना लेप दिलेली कॉइल घेणे एवढे तरी करावे. आतल्या युनिटची ड्रेन पाइप शेवाळाने तुंबते आणि पाणी थेट उशीवर ठिबकते, कारण युनिट पलंगाच्या डोक्यावर बसवलेले असते.

गरम पाण्याच्या बाबतीत वीज वाचवण्यासाठी दोन चुका सर्रास होतात. एक, पाणी फिरते ठेवणारा रिटर्न पंप बंद करतात; मग शेवटच्या खोलीत गरम पाणी येईपर्यंत बादलीभर थंड पाणी वाया जाते, तेही मे महिन्यात टँकर मागवायची वेळ असताना. दुसरी चूक गंभीर आहे. टाकीचे तापमान 45 अंशांवर आणून ठेवतात. 20 ते 45 अंशांच्या पाण्यात न्यूमोनियाला कारण होणारा लेजिओनेला जिवाणू वाढतो. टाकीत 60 आणि परतीच्या पाण्यात निदान 50 अंश हवेतच, आणि बंद खोल्यांतले नळ व शॉवर आठवड्याला काही मिनिटे सोडून द्यायला हवेत. तांबडे पाणी येत असेल तर ते गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे. नवा नळ बसवून ते थांबत नाही.

नेटचे गणित तर सोपे आहे. राउटर कॉरिडॉरमध्ये असतो आणि खोलीच्या दर्शनी भागात न्हाणीघर असते. सिग्नलला टाइल्स, पाइप, आरसा आणि जाड चिऱ्याची भिंत ओलांडून टेबलापर्यंत जावे लागते. जलद 5 गिगाहर्ट्‌झ बँड तिथे पोचतच नाही. कॅट-6 ही नेटची केबल खोलीत नेऊन आतच ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे उपकरण) बसवणे हाच पक्का इलाज. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत राउटर बंद पडतो आणि परत जोडणी व्हायला काही मिनिटे जातात. तेवढ्यात पाहुण्याची व्हिडिओ मीटिंग तुटते. राउटरच्या रॅकला एक लहान यूपीएस लावला की हा त्रास संपतो.

ही कामे जून ते सप्टेंबरमध्ये, एकावर एक असलेल्या खोल्यांची एक रांग बंद ठेवून करता येतात, कारण पाइप उभी जाते. एकेक सुटी खोली धरून हे जमत नाही. हॉटेलवाल्यांची एक रास्त अडचणही आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, गेले. त्यामुळे पाइप, केबलवरचा कर खिशातून जातो. तरी त्याच दिवशी एसीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हेही खरे.

पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आपल्याकडे 1982 पासून आहे. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी पर्यटन खात्याच्या निरीक्षकांनी थर्मामीटर आणि आर्द्रतामापक सोबत न्यावा, सर्वांत लांबच्या खोलीतला नळ सोडून पाहावा, न्हाणीघराच्या सर्किटवरील 30 मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबून पाहावे. कंपन्यांच्या प्रशासन विभागांनीही वार्षिक दर ठरवण्यापूर्वी सजवलेली खोली पाहू नये. आठवडाभर बंद असलेली खोली उघडायला सांगावी, आणि कोणत्या रांगेची पाइप कोणत्या वर्षी बदलली ते लेखी मागावे.

— हॉटेल देखभालीच्या कामातील काही तंत्रज्ञ, फोंडा