बॉक्सर की डाल्मेशियन: ठाण्यातल्या कुत्र्यांच्या बोर्डिंगवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कुत्रा आणायचा हे घरात ठरलं होतं. अडलं होतं ते बॉक्सर की डाल्मेशियन यावर. लेकाला बॉक्सरचा चेहरा आवडलेला, नवऱ्याला पहाटे पळायला सोबती हवा होता. तुमच्याकडे विचारायला आलो, तर तुम्ही आमचीच चौकशी सुरू केलीत. दुपारी घरी कोण असतं? एसी कुठल्या खोलीत आहे? आजींचे गुडघे कसे आहेत? आणि पावसाळ्यात पहाटे पट्टा हातात घेणार कोण, हे तर प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलंत.

मग तुमच्याकडे राहायला आलेल्या बॉक्सरजवळ आम्हाला बसू दिलंत. मे महिना होता. तो जरासा खेळला आणि कितीतरी वेळ धापा टाकत राहिला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तोंडानाकातला ओलावा उडतो तेव्हा त्याचं अंग निवतं. बॉक्सरचं नाक आखूड, त्यात ठाण्याची दमट हवा, मग ओलावा उडणार कसा? हे तुम्ही लेकाला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. बॉक्सरवर तुमचा केवढा जीव आहे ते दिसत होतं, म्हणूनच तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. तीसेक किलोचं ते जनावर दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत पिल्लासारखंच वागतं, माणूस दिसलं की आनंदाने पुढचे पंजे अंगावर टाकतं. वॉकर धरून चालणाऱ्या सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "मला नाही हो झेपायचं."

डाल्मेशियनचीही तुम्ही भलामण केली नाहीत. घोडागाडीबरोबर मैलोन्‌मैल धावणारी ही जात, सोसायटीला एक फेरी मारून तिचं भागत नाही. केस बारा महिने गळतात आणि सोफ्यात सुईसारखे रुततात. जन्मजात बहिरेपण या जातीत बरंच आढळतं, आणि टाळी वाजवून ते ओळखता येत नाही, कारण एका कानाने ऐकणारा कुत्राही टाळीला वळतो. त्यासाठी मशीनवरची तपासणीच लागते.

मुतखड्याचं तर आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. इतर कुत्र्यांचं यकृत युरिक ॲसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करतं. डाल्मेशियनला ते नीट जमत नाही, मग ते ॲसिड लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होऊ शकतात. कलेजी, गुर्दा अजिबात नको, पाणी भरपूर, आणि नराची लघवी अडली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे. तुमच्या हातची ती चिठ्ठी आमच्या फ्रिजवर लावलेली आहे.

पिल्लूच हवं हा हट्ट सोडा, असंही तुम्हीच सुचवलंत. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचा चार वर्षांचा डाल्मेशियन तुम्ही दाखवलात. दोन्ही कानांची तपासणी झालेली, माणसांत वाढलेला. तरी लगेच सोपवला नाहीत. आधी काही दिवस त्याला आमच्याकडे राहू दिलंत, आणि सासूबाईंच्या वॉकरला तो बिचकत नाही याची खात्री करून घेतलीत. आता तो नवऱ्याबरोबर पहाटे उपवन तलावाकाठी पळतो. येऊरच्या जंगलाकडे मात्र नेत नाही. तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रा ही त्यांची नेहमीची शिकार, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत.

या सगळ्यातून तुम्हाला एक पैसाही मिळाला नाही, उलट रविवारच्या सकाळी गेल्या. दुकानात किंमत विचारली तेव्हा किंमतच कळली होती. आमच्या घरात कुठला कुत्रा सुखाने राहील, याचा विचार तुम्ही केलात. ताई, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

दिवाळीत चार दिवस गावी जायचंय. त्याला तुमच्याचकडे ठेवायचं, असं सासूबाईंनी आत्तापासून सांगून ठेवलंय. फराळाचा डबा घेऊन येऊ. लाडवांत बेदाणे असतील, तेवढा डबा त्याच्यापासून दूर ठेवा.

तुमची,
उपवनजवळची एक आई