जूनमध्ये तेवढं नको

प्रिय समीर,

तुझं पत्र मिळालं. वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरच्या, त्या प्रचंड खडकाच्या चढाईसाठी तू जून ठरवलास हे वाचलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी लिहितोय. मे महिन्यात जा, सप्टेंबरमध्ये जा, पण जूनमध्ये त्या भिंतीवर चढू नकोस.

तू म्हणशील, बंदी कुठे आहे? नाहीच. 1995 च्या आराखड्यात नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी खात्याने, तिथल्या मूळ जमातींच्या प्रार्थनांसाठी क्लाइंबर्सना जूनभर आपणहून थांबण्याची विनंती केली. जूनपुरते गाइडांचे परवानेही थांबवायचे होते, पण 1996 मध्ये न्यायालयाने ते अडवलं. उरली ती फक्त विनंती. नाव नोंदवून तू डरन्स रूटला, चढाईच्या त्या नेहमीच्या मार्गाला लागलास तर रेंजरसुद्धा तुला अडवणार नाही.

पहिल्या वर्षी बहुतेकांनी ऐकलं, जूनमधली चढाई चार-पंचमांशाहून जास्त घटली. पुढे आकडे परत वाढत गेले, आणि मला तेच खुपतं. त्याच भिंतीवर प्रेअरी फाल्कन हे ससाणे घरटी करतात. त्या दिवसांत घरट्यांजवळचे रूट बंद असतात, तेही सक्तीने. पिल्लं उडेपर्यंत थांबायला आपली ना नसते. मग माणसांच्या प्रार्थनेसाठी महिनाभर थांबायला कायदाच कशाला हवा?

वीसहून अधिक मूळ अमेरिकन जमातींचं या जागेशी नातं आहे: लाकोटा, शायेन, कायोवा, क्रो, अरापाहो आणि इतर. जून हा त्यांच्या सन डान्स या पवित्र नृत्यविधीचा, उपासतापासाचा, एकांतात बसून प्रार्थना करण्याचा काळ. कायोवा सांगतात, अस्वलापासून वाचवायला हा खडक सात बहिणींना घेऊन उंच वाढला, अस्वलाच्या नखांनी त्याच्यावर चरे पडले आणि त्या बहिणी आभाळात कृत्तिका झाल्या. आपण ज्या लांबच लांब भेगांत हात रोवून वर जातो, ते हेच चरे.

पायथ्याभोवती सव्वा मैलाची पायवाट आहे. तिथल्या पाइनच्या फांद्यांना कापडाच्या पट्ट्या आणि छोट्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसतात, काही ताज्या रंगांच्या, काही उन्हापावसाने पार विटलेल्या. प्रत्येक गाठ म्हणजे कुणाची तरी प्रार्थना. तिला हात लावायचा नाही, फोटोही काढायचा नाही. मी त्या वाटेवर उभा होतो तेव्हा वरून 'ऑफ बिले' ही दोर सोडायला सांगणारी क्लाइंबरची आरोळी आणि कॅरॅबिनरच्या धातूच्या कड्यांचा खणखणाट अगदी कानाशी असल्यासारखा ऐकू येत होता. खाली कुणी डोळे मिटून बसलं असेल तर त्याला काय वाटत असेल, सांग.

'जमीन सगळ्यांची आहे' हा तुझा मुद्दा मला पटत नाही. ती सगळ्यांची झाली कशी? टॉवर ब्लॅक हिल्स या डोंगररांगेच्या वायव्य टोकाला आहे. 1868 च्या फोर्ट लॅरामी तहाने त्या डोंगरांवर सू लोकांचा (लाकोटा त्यांच्यातलेच) हक्क मान्य केला होता. 1874 मध्ये तिथे सोन्याचा पत्ता लागला आणि 1877 मध्ये अमेरिकन सरकारने ते डोंगर काढून घेतले. 1980 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई मान्य केली. सू लोकांनी तो पैसा आजवर स्वीकारलेला नाही, त्यांना डोंगर हवेत. इतकं सोसलेल्या लोकांनी आपल्याकडे बारापैकी एक महिना मागितलाय. तोही हुकूम म्हणून नाही.

सप्टेंबर मला जास्त बरा वाटतो. ऊन उतरलेलं असतं, गर्दीही कमी. तुझी तिकिटं बदलता येत असतील तर या आठवड्यातच कळव, म्हणजे मीही रजा टाकतो. 60 मीटरचे दोन रोप मी आणतो. भेगांत अडकवायचे मोठे कॅम तेवढे तू घे.

तुझा,
निखिल