मोबाइलच्या किमतीशेजारी उरलेली वर्षेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर आपल्या अंकात महागड्या मोबाइल फोनची तुलना करणारे पान प्रसिद्ध झाले होते. ॲपलचा आयफोन 17, सॅमसंगचा गॅलेक्सी एस 25, गुगलचा पिक्सेल 10 आणि वनप्लस 13 यांचे कॅमेरे, रंग आणि किमती त्यात व्यवस्थित दिल्या होत्या. मात्र कंपनी त्या फोनला किती वर्षे अपडेट, म्हणजे फोनच्या प्रणालीतील सुधारणा, पुरवणार, हा मुद्दा एका ओळीत उरकला होता. माझी सारी नोकरी बँकेत मुदत आणि व्याज यांचा हिशेब मांडण्यात गेली, त्यामुळे मला नेमकी तीच ओळ महत्त्वाची वाटली. तिच्यात जे राहून गेले, ते मला पुतणीसोबत बेळगावच्या खडेबाजारात फोन पाहायला गेलो तेव्हा समजले.

दुकानदाराने तिच्यापुढे सवलतीतला गॅलेक्सी एस 24 ठेवला आणि ‘सात वर्षं बिनघोर वापरा’ असे सांगितले. ही सात वर्षे कधीपासून धरायची, असे मी विचारले, तेव्हा ‘बिलाच्या तारखेपासून’ असे उत्तर त्याने क्षणाचाही विचार न करता दिले. ते बरोबर नाही. सॅमसंग असो वा गुगल, ही मुदत ते मॉडेल पहिल्यांदा बाजारात आले तेव्हापासून मोजली जाते. गुगल तर अमेरिकेतील आपल्या दुकानात फोन उपलब्ध झाला तो दिवस धरते. सात वर्षांचे वचन गुगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 बरोबर दिले, म्हणून तो फोन तुम्ही कधीही विकत घेतला असला तरी त्याचे अपडेट ऑक्टोबर 2030 मध्येच थांबणार. एस 24 जानेवारी 2024 चा आहे. 2025 च्या दिवाळी पाडव्याला तो घेणाऱ्याच्या सात वर्षांतील पावणेदोन वर्षे फोन खोक्यात असतानाच सरली होती.

आता हे रुपयांत मांडतो. एस 24 ची 256 जीबीची मूळ किंमत 79,999 रुपये होती. सात वर्षांनी भागले तर वर्षाला सुमारे 11,430 रुपये पडतात आणि सरलेल्या पावणेदोन वर्षांचे जवळजवळ बरोबर 20 हजार होतात. म्हणजे दुकानदार 20 हजारांपर्यंत जी सूट देतो ती सूट नव्हेच. जो माल त्याच्याकडे उरलेला नाही, त्याचे पैसे तो घेत नाही इतकेच. त्यापुढची रक्कम तेवढी खरी सवलत, आणि ती अनेकदा मिळतेही, हे दुकानदारांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

नव्या फोननाही हाच हिशेब लावला तर आपल्या पानावरील क्रम थोडा बदलतो. बाजारात आले तेव्हा पिक्सेल 10 ची किंमत 79,999 आणि एस 25 ची 80,999 रुपये होती. दोन्हींना सात वर्षांचे आश्वासन आहे, त्यामुळे कागदावर ते बरोबरीचे वाटतात. परंतु पिक्सेल ऑगस्ट 2025 चा आणि एस 25 त्याच वर्षाच्या आरंभीचा असल्याने दिवाळीत पहिल्याला वर्षामागे सुमारे 11,700, तर दुसऱ्याला जवळजवळ 13 हजार रुपये पडतात. वनप्लस 13 ची किंमत बाजारात आला तेव्हा 69,999 रुपये होती, म्हणून तो स्वस्त भासतो. पण त्याला सुरक्षा अपडेट सहाच वर्षे आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या चारच मिळणार आहेत, त्यामुळे पूर्ण मुदत धरली तरी त्याचा वर्षाचा खर्च 11,666 रुपये, म्हणजे महागड्या पिक्सेलच्या पूर्ण मुदतीच्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच निघतो.

आयफोनचे प्रकरण निराळे आहे. ॲपल आपल्याकडे सात वर्षांची जाहिरात करत नाही. ब्रिटनमधील कायद्यामुळे तिने आयफोन 15 साठी लेखी दिले ते किमान पाच वर्षांचे. प्रत्यक्षात मात्र सप्टेंबर 2018 च्या आयफोन एक्सएसला आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या आयओएस 18 पर्यंत मिळत राहिल्या आणि 2025 मध्ये आलेल्या आयओएस 26 ने त्याला वगळले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर येथे करारपत्र तोकडे, पण पत उत्तम. 2025 मध्ये 82,900 रुपयांना आलेल्या आयफोन 17 चा वार्षिक खर्च पाच वर्षांच्या लेखी मुदतीवर 16,580 आणि आजवरच्या सात वर्षांच्या रिवाजावर सुमारे 11,840 रुपये येतो. कोणता आकडा धरायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. नवा फोन आल्यावर आयफोन 16 ची किंमत 79,900 वरून 69,900 वर आली, तेव्हा आमच्या गल्लीत मोठी चर्चा झाली. कमी झालेले ते 10 हजार म्हणजे सरलेल्या एका वर्षाची किंमतसुद्धा पुरती नाही.

दिसण्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण कव्हर घातल्यावर हे चारही फोन सारखेच दिसतात. वजनातला फरक तेवढा हाताला जाणवतो: एस 25 हा 162 ग्रॅमचा, आयफोन 17 हा 177 चा, तर पिक्सेल 10 हा 204 ग्रॅमचा आहे. सात वर्षांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती बॅटरी. आयफोन 15 पासूनच्या बॅटरीत 1,000 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या 80 टक्के उरावे, असे ॲपल सांगते. रोज एक चार्ज धरला तर तो टप्पा तीन वर्षांच्या आतच येतो. वनप्लसची 6,000 एमएएच क्षमतेची बॅटरी एस 25 च्या 4,000 पेक्षा कमी वेळा चार्ज करावी लागते, म्हणून ती सावकाश झिजते, ही त्याची जमेची बाजू आपल्या पानावर यायला हवी होती. फोन कोणताही असो, सात वर्षांत एकदा तरी बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

येथे आपल्या भागाची अडचण येते. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भावाचा महागडा फोन गेल्या पावसाळ्यात भिजून बंद पडला. फोनवर पाणी आणि धुळीपासून बचावाचे आयपी 68 मानांकन होते. परंतु ती चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यातली असते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, हे त्याला अधिकृत सेवा केंद्रात गेल्यावर कळले. पैसे भरायला तो तयार झाला, तरी सुटा भाग बाहेरगावाहून यायला तीन आठवडे लागले. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझा रोख एका कंपनीवर नाही. कोल्हापुरातून फोन आणला तर स्वस्त पडतो, या समजुतीवर अजून विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की मोबाइलवरचा जीएसटी कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत 18 टक्केच आहे. तेव्हा दुरुस्ती जेथे जवळ पडेल तेथेच खरेदी करणे शहाणपणाचे.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला असून एखाद्या मॉडेलची विक्री बंद झाल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग देणे कंपन्यांना भाग आहे. तेथे मुदत विक्रीच्या शेवटापासून मोजतात, म्हणून उशिरा घेणाऱ्याचे नुकसान होत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, पण अपडेटच्या अंतिम तारखेचा उल्लेख मी तरी अजून एकाही दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर पाहिलेला नाही. ती तारीख मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावी, असे मी सुचवतो. निदान आकड्यांवरून तरी येथे वाद होणार नाही.

आपल्यापुरती विनंती अशी, की पुढच्या तुलनेत किमतीच्या रकान्याशेजारी ‘अपडेट कधीपर्यंत’ असा रकाना घालून त्यात महिना आणि वर्ष द्यावे, आणि लेखी वचन कोणते व निव्वळ रिवाज कोणता, हे वेगळे दाखवावे. सॅमसंगचे नवे फोन वर्षारंभी येतात आणि मग आधीच्या मॉडेलवर सवलतीच्या पाट्या लागतात. तेव्हा त्याच्या मुदतीतील एक वर्ष सरलेले असते, म्हणून हा रकाना लवकर सुरू झाला तर बरे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव