बाबा, राउटर अपडेट करायचाय, पण गुरुवारी नको

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की चाललंय ना नीट, मग उगाच हात कशाला लावायचा. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, आणि हे प्लीज दोघांनी मिळून वाचा.

आपल्या राउटरवर मी दिवाळीत ओपनडब्ल्यूआरटी टाकून दिलं होतं, म्हणजे लिनक्सच, छोट्या डब्यात बसणारं. त्याचं २३.०५ व्हर्जन आपल्याकडे आहे आणि त्याला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. राउटर चालत राहील हो, पण पुढे त्यात एखादी फट सापडली तर ती जगजाहीर होणार आणि आपल्याकडे मात्र तशीच उघडी राहणार. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या किमान ५ लाख डिव्हाइसमध्ये शिरला होता, त्यात बरेचसे असेच घरगुती राउटर होते, आणि असं काही झालं तरी वाय-फाय नेहमीसारखंच चालतं, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. तुमचं पेन्शनचं बँकिंग, आईचे ऑनलाईन हार्मोनियमचे क्लास, सगळं त्याच डब्यातून जातं, म्हणून मला खरंच काळजी वाटते.

आता एक गोष्ट अजिबात करायची नाही. राउटरच्या सेटिंगमधल्या सॉफ्टवेअरच्या पानावर एकेका पॅकेजसमोर, म्हणजे सिस्टीमच्या सुट्या भागासमोर, अपग्रेडचं बटण दिसतं, ते दाबू नका. बाबा, तुम्ही ड्रॉइंग ऑफिसमध्ये मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल करायचात ना, राउटरच्या आत तसंच आहे, मूळ सिस्टीम खोडता येत नाही, बदल वरच्या थरात जातात. नवीन पॅकेज टाकलं की ते वरच्या थरात बसतं पण खालचं जुनं तसंच राहतं, म्हणजे जागा दुप्पट खाल्ली, आणि आपल्याकडे एकूण जागाच १६ एमबी. शिवाय नव्या-जुन्याचं एकमेकांशी जमलं नाही तर राउटर चालूच होत नाही. म्हणून सुटं सुटं काही नाही, अख्खी इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टीमची एकच फाईल, एकदम बदलायची.

ती इमेज मी तयार करून मेल केलीये, २४.१० ची. आईच्या क्लासच्या वेळी तुम्ही व्हिडिओ लावलात तरी तिचा आवाज तुटू नये म्हणून मी एसक्यूएम, म्हणजे नेटवरची गर्दी आवरणारं पॅकेज, टाकलं होतं, ते नेहमीच्या इमेजमध्ये नसतं, म्हणून यात आधीच घालून दिलंय. पण आधी राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा आणि फोटो पाठवा. आर्चर सी६ हे मॉडेलचं नाव लिहिलेलं पुरेसं नाही, पुढचं व्हर्जन बघा, कारण व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे आणि ३ मध्ये मीडियाटेकची, एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. आपला ३ आहे असं मी धरलंय, पण स्टिकर सांगेल तेच खरं.

दिवस शनिवारचा ठेवू, दुपारी, आईचा क्लास नसताना. गुरुवारी मुळीच नको, पाणी नाही आणि लाईटचा भरवसा नाही. राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि वाय-फाय बंद करून लॅनची वायर लावा. माळ्यावरचा जुना राउटर आदल्या दिवशी काढून, लावून बघून ठेवा, आणि नेटवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड डायरीत लिहून ठेवा, वेळ पडली तर तेच लागेल.

मग १९२.१६८.१.१ उघडून बॅकअपच्या पानावर जा, आधी बॅकअप डाउनलोड करा आणि ती फाईल पेन ड्राइव्हवरही टाका. त्यानंतर मी पाठवलेली फाईल निवडली की स्क्रीनवर एसएचए२५६ म्हणून ६४ अक्षरांची लांबलचक ओळ दिसेल, फाईलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. तीच मी व्हॉट्सॲपवर पाठवलीये. आई, तू फोनवरची मोठ्याने वाच, चार-चार अक्षरं, आणि बाबा तुम्ही स्क्रीनवरची बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी थांबा, फाईल अर्धवट उतरली असेल, परत डाउनलोड करू. कंटाळवाणं आहे माहितीये पण हे टाळायचं नाही. सेटिंग ठेवायची टिक असू द्या. आणि इमेज या राउटरसाठी नाही असा काही मेसेज आला तर फोर्सची टिक करून पुढे जायचं नाही, कॅन्सल.

एकदा पुढे गेलं की लाईट लुकलुकायला लागतील, पान अडकल्यासारखं वाटेल, आणि तेव्हाच हात शिवशिवतो बटण बंद करायला. नको! साधारण तीन-चार मिनिटांत होतं, तुम्ही दहा मिनिटं थांबा, चहा ठेवा. मध्येच करंट गेला तर अर्धी लिहिलेली सिस्टीम राहते आणि राउटर उठत नाही. इतकं करूनही नाही उठला तर घाबरू नका, रिसेट बटणाने फेलसेफमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरतं चालू होण्याच्या अवस्थेत, नेता येतं का ते फोनवर बघू, तोवर माळ्यावरचा लावा.

मी इथून हैदराबादहून हे करू शकले असते, पण मध्येच अडकलं तर मला वायर हलवायला येता येत नाही, आणि त्यासाठी राउटरचं पान बाहेरच्या नेटवर उघडं ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

शनिवारी सुरू करायच्या आधी मला फोन करा, आणि साधा कॉल करा, व्हॉट्सॲपवरून नको, कारण वाय-फाय गेलं की तो कट होईल. बाबा, स्टिकरचा फोटो मात्र आजच पाठवा.

तुमची,
लेक