फुसफुस ऐकायला ऑडिटर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांतल्या एनर्जी ऑडिटवरचा, म्हणजे वीज कुठे वाया जाते त्याच्या तपासणीवरचा, कालचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. फोटो छान होता. पांढरी हेल्मेटं घातलेले दोघे जण एका पॅनेलकडे बोट दाखवताहेत आणि पॅनेलचं दार बंद आहे. ते नेमकं काय दाखवताहेत ते त्यांनाच ठाऊक. भांडुपला एलबीएस रोडवरच्या एका प्रेस पार्टच्या कारखान्यात मी ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, शेवटची चौदा फोरमन म्हणून. बंद दाराकडे बोट दाखवायची वेळ काही माझ्यावर आली नाही.

लेखकमहाशय अभ्यासू आहेत, त्यात वाद नाही. पण 'ऑडिट केलं की वीज वाचते' हा सूर सबंध लेखात आहे आणि माझं भांडण त्या सुराशी आहे. ऑडिटने कळतं. वीज वाचते ती कोणीतरी हातात पाना घेतल्यावर. आणि बऱ्याच ठिकाणी कळलेलं आधीपासूनच असतं, फक्त ज्याला कळलेलं असतं त्याला विचारत कोणी नाही.

आमच्याकडे मशिनांना दाबाची हवा पुरवणारा ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर होता. कामाच्या दिवशी प्रेसच्या दणदणाटात काही ऐकू येत नसे. पण रविवारी मी ब्रेकडाउनसाठी गेलो, की रिकाम्या शॉपमध्ये चारी बाजूंनी फुसफुस. कपलिंगमधून, एफआरएलच्या (हवा गाळून तिचा दाब नीट करणारा आणि तिच्यात तेल सोडणारा संच) वाटीतून, होज क्लिपखालून. ड्रेन व्हॉल्व्ह तर हेल्परने अर्धवट उघडाच ठेवलेला, कारण पाणी काढायला दर वेळी वाकायचा त्याला कंटाळा. एका रविवारी मी सगळी मशिनं बंद ठेवली, नुसता कॉम्प्रेसर चालू केला आणि रिसीव्हर टँकपाशी स्टूल टाकून मनगटावरचं घड्याळ लावून बसलो. तीन मिनिटं लोड, म्हणजे हवा भरणं, सात मिनिटं अनलोड, म्हणजे नुसतं रिकामं फिरणं. पुन्हा तीन, पुन्हा सात. एकही मशिन हवा घेत नसताना दहातली तीन मिनिटं कॉम्प्रेसर हवा भरतोय म्हणजे त्याच्या ताकदीतली शंभरातली तीस हवा गळतेय. हे त्रैराशिक आहे, त्याला डिग्री लागत नाही.

मग सोमवारपासून साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश घेऊन फिरलो. जोडावर पाणी लावायचं, बुडबुडा आला की वहीत नोंद. आठ दिवसांत ६४ जागा निघाल्या. सात बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं तर तीन-साडेतीन किलोवॅट त्या भोकातून जातात, हे लक्षात घ्या. अनलोडमध्येही कॉम्प्रेसर थोडी वीज खातोच, ती वजा करून हिशेब मुद्दाम सैल धरला तरी दोन पाळ्यांत महिन्याला तीन हजार युनिट नुसती फुसफुसत होती. कपलिंग, क्लिपा, टेफ्लॉन टेप, चार नवीन एफआरएल असा ३८ हजारांचा इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज, केला. पैसे दोन महिन्यांत वसूल झाले असते. परचेसकडून इंडेंट परत आला, त्यावर लाल शाईत शेरा: 'पुढील बजेटमध्ये पाहू'.

लबाडी कोणाचीच नव्हती. कपलिंग मेंटेनन्सच्या खात्यातून यायचं आणि विजेचं बिल अकाउंट्सच्या. मी ३८ हजार खर्च केले तर माझं खातं फुगणार, वाचलेले पैसे मात्र माझ्या खात्यात कधीच दिसणार नाहीत. ते कोणाच्याच खात्यात दिसत नाहीत. बिल थोडं कमी आलं तर साहेब म्हणतात, या महिन्यात ऑर्डर कमी होती.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. शेवटच्या टोकाच्या प्रेसला हवा कमी पडते म्हणून ओरड झाली तेव्हा लाइनमधला गळका भाग शोधायच्या ऐवजी मीच साडेसहा बारचं सेटिंग साडेसात केलं होतं. एक बार वाढवला की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्के वाढते आणि गळतीही जोर धरते. मला ते ठाऊक होतं. पण ओरड थांबली आणि मी घरी गेलो.

२०१४ साली परदेशी गिऱ्हाइकाने कागद मागितला म्हणून एनर्जी ऑडिट ठरलं. फी अडीच लाख, त्याला बजेट होतं. तीन पोरं आली, चार दिवस होती. पोरं हुशार होती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यातल्या एकाने केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा दिली होती, ऑडिटर व्हायला चार पेपर सोडवावे लागतात. क्लॅम्प मीटर होता, गळती कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावरून पकडणारं यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने मला विचारलं, "काका, लीकेज कुठे कुठे आहे, तुम्हाला काही कल्पना?" मी वही दिली. त्याने ६४ जागा तपासल्या, आणखी नऊ शोधल्या आणि प्रत्येक जागी लाल टॅग बांधला.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. १४० पानं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. माझी वही त्यात आठ पानांचा तक्ता होऊन बसली होती. पुढे कूलिंग टॉवरच्या पंख्याची पाती बदलण्यावर एक अख्खं प्रकरण. आमच्याकडे कूलिंग टॉवरच नव्हता! एका पानाच्या तळाशी वापीच्या कुठल्याशा केमिकल कंपनीचं नाव तसंच राहून गेलं होतं. हे त्या पोरांचं काम नसावं, ऑफिसात बसून चिकटवणारा कोणी वेगळाच असणार. रिपोर्टवरून नजर फिरवून साहेब मला म्हणाले, "बघा, बाहेरची माणसं कशी बारकाईने शोधतात."

त्या १४० पानांतलं काय अमलात आलं? ऑफिसात एलईडी ट्यूब लागल्या. आमच्या बिलात दिव्यांचा वाटा शंभर रुपयांतले पाचसुद्धा नव्हता, पण ट्यूब फोटोत दिसतात. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन साजरा झाला. बॅनर, फुगे, घोषवाक्य स्पर्धा. कॉम्प्रेसरच्या हवेने फुगे फुगवले. खोटं सांगत नाही.

२०१७ ला पुन्हा ऑडिट, दुसरी कंपनी. तोपर्यंत आमचे लाल टॅग तेलाने आणि धुरळ्याने गुलाबी झाले होते. नव्या मंडळींनी त्यांच्या शेजारी निळे बांधले. एका कपलिंगवर दोन्ही टॅग लोंबत असायचे आणि मधून हवा फुसफुसायची.

तुमच्या लेखात शेवटी कायदा कडक करा म्हटलंय. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, दिल्लीतला ब्युरो २००२ पासून. तो कायदा ऑडिटची सक्ती करतो ती मोठ्यांवर: सिमेंट, पोलाद, खत, कापड वगैरे, तीही ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा खाणाऱ्यांवर. ठरवून दिलेल्या प्रमाणात वापर घटवायची 'पॅट' योजना २०१२ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीत सबंध देशातले ४७८ कारखाने होते. साकीनाक्याच्या गाळ्यातला दहा एचपीचा कॉम्प्रेसर कुठल्या यादीत बसवणार? त्याला कायदा नको, त्याला रविवारी अर्धा तास स्टुलावर बसणारा माणूस हवा.

बिलात चटका बसला की मात्र सगळे जागे होतात. २०२० च्या एप्रिलपासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (नुसत्या कामी आलेल्या नव्हे, ओढलेल्या सगळ्या विजेवर) बिल सुरू झालं, म्हणजे पॉवर फॅक्टर, ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, खाली गेला की थेट जास्त पैसे. तो वर आणते ती कॅपॅसिटर बँक. तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तरी कंपनीतून फोन, "काका, ती कॅपॅसिटर बँक कुठली म्हणत होतात तुम्ही?" म्हटलं, रिपोर्टमध्ये आहे, कपाटातून काढा. तर रिपोर्ट सापडत नव्हता. अडीच लाखांचा रिपोर्ट!

आता तुमच्याविषयी. लेखातल्या चौकटीत 'वर्षाला पाच लाख किलोवॅट विजेची बचत' असं छापलंय. किलोवॅट हे वेगाचं माप आहे, वापराचं नव्हे. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट होतं, त्याला किलोवॅट-तास म्हणतात. 'ठाण्याहून पुणे ताशी साठ किलोमीटर लांब आहे' असं तुम्ही छापाल का? गेल्या वर्षभरात ही चूक मी तुमच्याच अंकात तिसऱ्यांदा पाहतोय. बातमीतल्या शुद्धलेखनासाठी माणूस ठेवता, मग युनिटसाठीही एखादा ठेवा. पगार देणं जमत नसेल तर मी फुकट येईन, मुलुंडहून तुमच्या कचेरीत यायला मला काही त्रास नाही.

आणखी एक. मागे मे महिन्यात आमच्या गल्लीत दुपारी बारा वाजता जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल मी पत्र पाठवलं होतं. तुम्ही ते छापलंत, आभारी आहे. पण छापताना दिव्यांच्या खांबांचे नंबर गाळलेत आणि 'नागरिकांनीही जबाबदारीने वागावे' असं एक वाक्य माझ्या नावाने घुसडलंत, जे मी लिहिलं नव्हतं. दिवे अजून जळताहेत. या वेळी जागेअभावी काटछाट करावीच लागली तर फुगे काढा, साहेब काढा, पण घड्याळ लावून बसायचा हिशेब आणि साबणाचं पाणी तेवढं राहू द्या. एखादा गाळेवाला वाचेल.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन,
मुलुंड (पूर्व)