परदेशातील पहिले भाड्याचे घर: उपनगर कोणाच्या सोयीने निवडावे?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नोकरीनिमित्त सहकुटुंब परदेशी जाणाऱ्यांसाठी माहितीपर लेख आणि जाहिराती आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. व्हिसाचे प्रकार, इंग्रजीची परीक्षा, पदव्यांचे मूल्यांकन, पगाराचे आकडे यांविषयी त्यांत पुष्कळ असते. मात्र तिथे उतरल्यावर कुटुंबाने कोणत्या उपनगरात घर भाड्याने घ्यावे, याविषयी जवळजवळ काहीच नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अनुभव घेतलेले आणि इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले अनेक तरुण आज बायको-मुलांना घेऊन बाहेर पडत आहेत आणि पहिल्या वर्षाचे त्यांचे सुख-दुःख बरेचसे याच एका निर्णयावर अवलंबून असते. माझा मुलगा, सून आणि नात मेलबर्नला असतात. मी त्यांच्याकडे राहून आले आहे, म्हणून मेलबर्नपुरतेच लिहिते.

माझे म्हणणे असे, की उपनगर निवडताना नोकरी करणाऱ्याची सोय आणि भाड्याचा आकडा एवढेच पाहू नये. जी व्यक्ती दिवसभर लहान मुलाला घेऊन, गाडीशिवाय घरी राहणार आहे, तिच्या बाजूने हा निर्णय व्हावा. बहुतेक घरांत ही व्यक्ती म्हणजे कोणाची तरी लेक आणि कोणाची तरी सून असते. इथे ती बँकेत किंवा शाळेत नोकरी करत असते, स्वतःची दुचाकी चालवत असते. तिथे गेल्यावर सुरुवातीला नोकरी नसते, तिथल्या रस्त्यांवर गाडी चालवण्याचा सराव नसतो, दुसरी गाडी घेणे परवडत नाही आणि हाकेला धावून येणारे कोणी नसते. नवरा सकाळी सातला बाहेर पडला, की संध्याकाळपर्यंत तिला पायी जिथवर जाता येईल तेवढेच तिचे गाव.

आपल्या नाशिककरांच्या मनात हा प्रश्न येत नाही, कारण इथे तो पडतच नाही. इंदिरानगर असो की जेल रोड, कोपऱ्यावर किराणा दुकान असते, भाजीची हातगाडी दारावरून जाते, हात केला की रिक्षा थांबते आणि शाळेची व्हॅन सोसायटीच्या फाटकाशी येते. त्यामुळे घर बघताना खोल्या, पाणी, पार्किंग आणि भाडे एवढे विचारले की आपले समाधान होते. तिथेही आपण तेवढेच विचारतो.

दुसरे म्हणजे ओळखीच्यांचा सल्ला. २०२१च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक होते. परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल ही दुसरी मोठी संख्या. मेलबर्नमध्ये त्यांतील पुष्कळ कुटुंबे शहराच्या कडेला वसलेल्या नव्या उपनगरांत आहेत: पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, उत्तरेला क्रेगीबर्न, आग्नेयेला क्लाइड नॉर्थ. "तिकडेच घ्या, आपली सगळी माणसे तिकडेच आहेत," असे नव्याने येणाऱ्याला सांगितले जाते आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आपल्या माणसांचा शेजार ही लहान गोष्ट नाही. आजारपणात डबा आणून देणारे, गणपतीला आवर्जून बोलावणारे घर जवळ असावे असे मलाही वाटते. परंतु सल्ला देणारे कुटुंब आठ-दहा वर्षांपूर्वी गेलेले असते, त्यांच्या दारात दोन गाड्या असतात आणि त्यांची मुले मोठी झालेली असतात. त्यांना जे उपनगर सोयीचे आहे ते कालच उतरलेल्या, बाबागाडीतले मूल घेऊन फिरणाऱ्या बाईला सोयीचे असेलच असे नाही. पॉइंट कुक आणि ट्रुगनिना या दोन्ही ठिकाणी स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. टार्नीटला २०१५मध्ये स्टेशन झाले, पण ते प्रादेशिक, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर आहे आणि उपनगराचा पसारा एवढा, की बहुतेक घरांपासून स्टेशन गाठायलाही बस किंवा गाडीच लागते.

माझ्या मुलाने पहिले घर पश्चिमेकडच्या अशाच एका नव्या वसाहतीत घेतले होते. घर खरोखर सुरेख होते. चार शयनगृहे, मागे अंगण, दोन गाड्यांचे गॅरेज आणि एवढे सगळे शहराजवळच्या लहान सदनिकेपेक्षा कमी भाड्यात. एके दिवशी नातीला ताप आला म्हणून सून आणि मी तिला डॉक्टरांकडे न्यायला निघालो. जुलै महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. बाबागाडीवर प्लास्टिकचे पारदर्शक आवरण घातलेले, वारा समोरून, आणि बसचा थांबा म्हणजे नुसता एक खांब. छप्पर नाही, बाक नाही. एक बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या बसची वाट बघत आम्ही ज्या कुंपणाच्या आडोशाला उभ्या राहिलो, त्यावर नियोजित बाजारपेठेचे मोठे रंगीत चित्र लावलेले होते: दुकाने, झाडे, कॉफी पिणारी माणसे. कुंपणामागे गुडघाभर गवत होते. सून म्हणाली, "आई, भाजी आणायची तरी मला शनिवारची वाट बघावी लागते." तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता, म्हणून ते मला अधिक लागले. नव्या वसाहतींत घरे आधी होतात आणि दुकाने, शाळा, बस, दवाखाने मागाहून येतात, हे घर बघायला गेलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण तो शनिवारी, कोणाच्या तरी गाडीतून गेलेला असतो.

पैशांचा हिशेबसुद्धा इथेच नीट मांडून पाहावा. तिथे भाडे आठवड्याचे सांगतात. आठवड्याला ५०० डॉलर म्हटल्यावर आपण मनात चारने गुणून महिन्याचे २००० धरतो. वर्षात आठवडे ५२ असल्यामुळे प्रत्यक्षात ते महिन्याला सुमारे २१६७ डॉलर होते. लांबच्या उपनगरात आठवड्याला ६० डॉलर वाचले, तर वर्षाचे ३१२० डॉलर होतात. त्याच घरामुळे दुसरी गाडी घ्यावी लागली, तर तिची किंमत, नोंदणी, विमा, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यात भागते का, हे प्रत्येकाने स्वतःच कागदावर मांडून बघावे. माझ्या मुलाने करार संपल्यावर तसे मांडले आणि ते शहराजवळच्या फुट्सक्रे या उपनगरात दोन शयनगृहांच्या जुन्या सदनिकेत राहायला गेले. तिथे अंगण नाही आणि स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो की तिसऱ्याला जागा उरत नाही. पण स्टेशन, भाजीबाजार, ग्रंथालय, दवाखाना सगळे पायी आहे आणि सून रोज घराबाहेर पडते.

लहान मुले असणाऱ्यांनी तर पायी अंतराचा विचार फार बारकाईने करावा, कारण तिथल्या सोयी चांगल्या आहेत, पण त्या तुमच्या दारापर्यंत येत नाहीत. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात नगरपालिकेच्या बालआरोग्य केंद्रात परिचारिका जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत मुलाची ठरावीक टप्प्यांवर मोफत तपासणी करतात. ग्रंथालयांत छोट्यांसाठी गोष्टींचे तास असतात आणि नव्या आईला पहिली मैत्रीण बहुधा तिथेच मिळते. योजनेत सहभागी असलेल्या बालवाड्या २०२३पासून मोफत आहेत. मात्र चार वर्षांच्या मुलाची बालवाडी आठवड्याला १५ तासांची असते. म्हणजे मुलाला सोडून घरी यायचे आणि थोड्याच वेळात पुन्हा आणायला निघायचे. ही ये-जा बसने करावी लागली, तर आईचा सगळा दिवस त्यातच जातो.

शाळेचा मुद्दा मोठ्या मुलांच्या पालकांसाठी निर्णायक आहे. सरकारी शाळांची क्षेत्रे आखलेली असतात. ज्या क्षेत्रात तुमचे कायमचे राहते घर, तिथल्या शाळेत तुमच्या मुलाला प्रवेशाचा हक्क असतो. उपनगराच्या नावावरून क्षेत्र कळत नाही. 'फाइंड माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकूनच ते पाहावे लागते. ग्लेन वेव्हर्लीसारख्या नावाजलेल्या शाळांच्या क्षेत्रांत पालकांची झुंबड असते आणि भाडी त्याप्रमाणे चढी असतात. पहिल्याच वर्षी त्यासाठी ऐपतीबाहेर जाण्यापेक्षा चालत जाता येईल अशी साधी शाळा मुलाला लवकर रुळवते, असे माझे शिक्षिका म्हणून मत आहे. मुलाला सोबतचे मित्र शेजारपाजारीच मिळतात. व्हिसाच्या प्रकारानुसार सरकारी शाळेत शुल्क पडते की नाही, हे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि लसीकरणाची सगळी कागदपत्रे हातातल्या सामानात ठेवावीत, कारण प्रवेशाच्या वेळी ती लागतात.

वेळापत्रकही लक्षात घ्यावे. तिथले शालेय वर्ष जानेवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी शाळेत घालता येते. आपण वार्षिक परीक्षा उरकून मे महिन्यात निघतो, तेव्हा मूल तिथे वर्षाच्या मध्येच वर्गात जाऊन बसते, आणि कुटुंब थंडीच्या तोंडावर पोहोचते. जूनमध्ये मेलबर्नला संध्याकाळी पाचनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. त्यामुळे स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता दिव्यांचा आहे का, हेसुद्धा तेव्हा महत्त्वाचे ठरते.

थंडीवरून आणखी एक सांगते. आपली माणसे तिथेही पूर्वाभिमुख दार शोधतात. श्रद्धेचा मान राखून मी म्हणेन, की त्या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून कलतो, म्हणून दिवसभर घरी राहणाऱ्यासाठी बैठकीची खोली उत्तरेकडे खिडक्या असलेली असावी. हिवाळ्यात दुपारी त्या खोलीत ऊन येते आणि दक्षिणेकडच्या खोलीत दिवसाही हीटर लावावा लागतो. भाड्याच्या घरात मुख्य बैठकीच्या खोलीत बसवलेला हीटर असणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. तो चालतो का, हे घर बघतानाच पाहावे.

हे सगळे नाशिकला बसून बऱ्याच अंशी तपासता येते. सार्वजनिक वाहतुकीच्या संकेतस्थळावर घरातील पुरुष सकाळी आठची गाडी बघतात. त्याच जागी मंगळवारी सकाळी साडेदहाची आणि रविवारी दुपारची बस बघावी, म्हणजे घरी राहणाऱ्याच्या वाट्याला काय येणार ते कळते. गुगलच्या नकाशात रस्त्याची छायाचित्रे दिसतात. त्यांतून घरापासून दुकान, दवाखाना, शाळा आणि स्टेशनापर्यंत एकदा 'चालून' यावे, पदपथ कुठे तुटतो, मोठा रस्ता कुठे ओलांडावा लागतो हे पाहावे, आणि हे काम जिला तिथे रोज चालायचे आहे तिनेच करावे. भारतीय किराणा दुकान जवळ नसले तरी फारसे अडत नाही, कारण तिथे महिन्यातून दोनदा जाऊन भागते. औषधाचे दुकान आणि दूध-ब्रेड मात्र पायी अंतरावर हवेतच.

इतके करूनही इथूनच वर्षाचा करार करू नये. करार साधारणतः बारा महिन्यांचा असतो आणि मध्येच सोडला तर नवा भाडेकरू मिळेपर्यंतचा भुर्दंड आपल्यावर येऊ शकतो. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरत्या जागेत राहून, सर्वांनी मिळून, बसने आणि पायी फिरून घर ठरवावे. कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या घरासाठी अनामत पाठवू नये, कारण त्यात फसवणुकीचे प्रकार होतात. आठवड्याचे भाडे ९०० डॉलरपर्यंत असेल, तर अनामत एका महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती घरमालकाकडे न राहता सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते. घराच्या स्थितीचा अहवाल छायाचित्रांसह पाच कामकाजी दिवसांत भरून द्यावा. पूर्वी तिथे भाड्याने राहिल्याचा दाखला नव्या माणसाकडे नसतो, म्हणून इथल्या घरमालकाचे इंग्रजीतील पत्र, नोकरीचे पगारासह पत्र आणि बँकेतील शिलकेचा दाखला सोबत न्यावा.

आपल्याला एक विनंती आहे. परदेशस्थ नाशिककरांविषयीच्या मजकुरात नोकरी मिळवणाऱ्यांच्या मुलाखती असतातच. त्यांच्याबरोबर गेलेल्या आणि पहिले वर्ष घरी काढलेल्या बायकांचे, क्वचित पुरुषांचेही, अनुभव त्यांच्याच शब्दांत छापावेत. तसेच कर्मचाऱ्यांना कुटुंबासह बाहेर पाठवणाऱ्या इथल्या कंपन्यांनी किमान चार आठवड्यांच्या तात्पुरत्या निवासाची सोय करारातच लिहून द्यावी. सध्या अनेकांना आठ-दहा दिवसांचे हॉटेल मिळते आणि तेवढ्या घाईत, प्रवासाच्या शिणात, जे घर पहिल्यांदा हाती लागते त्यावर सही होते.

कळावे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक